ऊसतोड कामगारांचा थकवा, आहार आणि पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून लाखो माणसे कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात आणि पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडात काढतात. ही प्रश्नोत्तरे त्यांच्या घरातील शिकत्या मुलामुलींसाठी, टोळीच्या मुकादमांसाठी, कारखान्याच्या शेती विभागातील कर्मचाऱ्यांसाठी आणि आशा सेविकांसाठी लिहिली आहेत. बांधकामावरचे मजूर, हमाल, वीटभट्टीवरचे कामगार यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. उदाहरणे मात्र मुद्दाम फडातलीच घेतली आहेत, कारण ‘कष्टकऱ्यांनी सकस आहार घ्यावा’ एवढे मोघम सांगून पहाटे तीन वाजता तीन दगडांच्या चुलीपुढे बसलेल्या बाईच्या हाती काहीच लागत नाही.

कष्ट केले की थकवा येणारच. त्यात खाण्यापिण्याने कितीसा फरक पडणार?

दिवसभर वाकून ऊस तोडल्यावर, साळल्यावर आणि सुमारे तीस-चाळीस किलोच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवल्यावर अंग थकणारच, आणि तो थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. परंतु सकाळी दहा-अकरालाच हातपाय गळणे, कोयत्याचा घाव चुकू लागणे, डोके जड होणे, विनाकारण चिडचिड होणे, संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येणे या तक्रारी बहुतेक वेळा निव्वळ कष्टाच्या नसतात. अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे गेलेले असते आणि रिकाम्या पोटी इंधन संपत आलेले असते. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले, तरी उन्हात काम करण्याची ताकद घटू लागते. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत हे पाणी अवघे एक लिटर होते, आणि तेवढा घाम उन्हातल्या जड कामात एका तासातही जाऊ शकतो.

या सगळ्याचा निम्मा निकाल फडात पोहोचण्यापूर्वीच लागलेला असतो. रात्री काय खाल्ले, पहाटे काय प्यायले आणि बरोबर किती पाणी घेतले, यावर दुपारची अवस्था ठरते. दुपारी गळून गेल्यावर गटागटा प्यायलेले पाणी उपयोगी पडते, पण तोवर हातातला वेळ गेलेला असतो.

दिवसाला किती पाणी प्यावे? कोणी तीन लिटर सांगतो, कोणी आठ.

ठरावीक आकडा सर्वांना लागू पडत नाही, कारण डिसेंबरच्या धुक्यातली तोडणी आणि मार्चच्या उन्हातली तोडणी ही दोन वेगळी कामे आहेत. उन्हात जड काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिलिटर पाणी, हे प्रमाण जगभर सांगितले जाते. तासाला सहाशे मिलिलिटर ते एक लिटर असा त्याचा हिशोब होतो. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये. भरपूर घाम गाळून नुसतेच साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, मळमळ व डोकेदुखी सुरू होते, आणि क्वचित ते जिवावरही बेतते.

स्वतःचे प्रमाण ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लघवीचा रंग. ती पातळ लिंबू सरबतासारखी फिकट असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी किंवा कोऱ्या चहासारखी असेल, सहा-सात तास लागलीच नसेल, किंवा ‘उन्हाळी लागली’ असे आपण म्हणतो तशी जळजळ होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. जळजळ पाणी वाढवूनही दोन दिवसांत थांबली नाही, किंवा सोबत ताप आला, तर तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर डॉक्टरांकडेच उपचार घ्यावे लागतात.

आणखी एक सोपी रीत आहे. कामापूर्वी आणि कामानंतर, कपडे तेवढेच ठेवून, वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी भरून काढायचे राहिले असे समजावे. उसाची खेप काट्यावर किलोकिलोने तोलली जाते. हंगामात एखाद-दुसऱ्या दिवशी ऊस तोडणाऱ्यालाही साध्या काट्यावर उभे करायला हरकत नाही.

तहान लागली की पाणी प्यायचेच, मग वेळ लावून पिण्याची काय गरज?

तहान उशिरा जागी होते. थंडीच्या सकाळी, जोरात काम चालू असताना आणि तोंडात तंबाखूचा बार असताना तर ती आणखी उशिरा कळते. त्यामुळे पाणी कामाला जोडून प्यावे: एक सरी संपली की पेलाभर, मोळी बांधून झाली की पेलाभर. पहाटे उठल्यावर चहाच्या आधी दोन पेले पाणी घ्यावे, कारण रात्रभरात लघवी, श्वास आणि घामावाटे गेलेले पाणी तोवर कोणी भरलेले नसते.

फडात ऊस खायला मिळतोच. कांडे चघळले तर पाणी आणि ताकद दोन्ही मिळत नाही का?

थोडे मिळते, आणि दोन कांड्यांबद्दल कोणी कुरकुर करू नये. परंतु उसाच्या रसात साखरेचे प्रमाण साधारण तेरा ते पंधरा टक्के असते आणि सोडियम जवळजवळ नसते. इतके गोड पेय आतड्यांतून सावकाश शोषले जाते, घामातले मीठ त्याने भरून निघत नाही, आणि तोंड चिकट होऊन तहान पुन्हा लागते. पोटातल्या भुकेची जाणीव मात्र मरते, त्यामुळे न्याहारी पुढे ढकलली जाते; खरा तोटा तो आहे. ऊस जेवणानंतर खावा, जेवणाऐवजी खाऊ नये.

मीठ किती आणि कशातून घ्यावे? मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का?

मिठाच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी पोट बिघडते आणि पाणी कमी पडले तर अपायच होतो. जो माणूस वेळेवर जेवतो, ज्याच्या ताटात आमटी, चटणी, लोणचे आहे, त्याला रोजचे मीठ बहुधा तेवढ्यातूनच मिळते. अडचण येते ती न जेवता घाम गाळणाऱ्याला आणि मार्च-एप्रिलमध्ये सर्वांनाच. अशा वेळी मीठ घातलेले पातळ ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत, कैरी आली की पन्हे, किंवा ज्वारीची आंबील यांपैकी काहीही दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावे. आंबील विशेष सोयीची आहे, कारण ती रात्री शिजवून ठेवता येते, सकाळी ताकात कालवता येते आणि तिच्यातून पाणी, मीठ व पोटाला आधार तिन्ही एकदम मिळतात.

जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील, किंवा घामाने अंग पार गळून गेले असेल, तर ओआरएस द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. मीठ आणि साखर योग्य मापात एकत्र असली की आतडे पाणी झपाट्याने शोषते, एवढेच यामागचे तत्त्व आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत याच तत्त्वावर, सलाईन अपुरे पडत असताना, हजारोंचे प्राण वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा घ्यावा आणि माप अंदाजाने वाढवू नये. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयेही मिळत असत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली आहे, तरीही पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे.

ज्यांना रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी वरचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

अंगमेहनतीला दिवसभरात किती अन्न लागते?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार जड काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० आणि ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे २७२० किलोकॅलरी लागतात. बैठे काम करणाऱ्यांसाठी हेच आकडे २११० आणि १६६० आहेत. म्हणजे कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा फडातल्या माणसाला दीडपटीहून अधिक अन्न हवे.

आता भाकरीचा हिशोब करून पाहू. सत्तर ग्रॅम पिठाची बाजरीची भाकरी साधारण २४० किलोकॅलरी देते. दिवसभरात सहा भाकऱ्या खाल्ल्या तरी जेमतेम साडेचौदाशे होतात, आणि सहा भाकऱ्या खाऊनही पुरुषाची निम्मी गरज भागत नाही. उरलेली भूक ठेचा आणि चहावर मारली जाते. नुसत्या भाकऱ्या वाढवून हे अंतर भरून निघत नाही, कारण पोटाला मर्यादा आहे आणि पहाटे थापायला वेळही नाही. थोड्या जागेत जास्त ताकद देणारे पदार्थ ताटात आणावे लागतात, आणि ते आपल्याकडे आहेतच: शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, तेल, गूळ. तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे सुमारे १६० किलोकॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिने देतात. ठेच्यात दाण्याचे कूट घातले, भाकरीवर चमचाभर तेल आणि कारळ्याची चटणी घेतली, तर त्याच भाकरीचे मोल वाढते. हे सगळे लिहिताना एक संकोच वाटतो तो असा, की ही चटणी आपल्या आज्या करीतच आल्या आहेत. ती फडात मागे पडली ती अज्ञानामुळे नाही, उचलीचे, म्हणजे हंगामापूर्वी आगाऊ घेतलेले, पैसे आणि वेळ दोन्ही पुरत नाहीत म्हणून.

प्रथिनांसाठी दूध, अंडी, मटण परवडत नाही. मग काय करावे?

ज्वारी-बाजरीतही प्रथिने असतात. शंभर ग्रॅम बाजरीत जवळजवळ अकरा ग्रॅम असतात. पण धान्यातल्या प्रथिनांत लायसीन हा एक घटक कमी पडतो आणि तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो, म्हणून दोन्ही एकाच जेवणात हवीत. मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि ती लवकर शिजते, म्हणजे सरपणही वाचते. मराठवाड्यातील येसर तर या कामासाठीच जन्मल्यासारखा आहे. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला दळून केलेले हे पीठ गावाकडून डबाभर आणले की उकळत्या पाण्यात कालवून दहा मिनिटांत आमटी होते. येसरात डाळीचे प्रमाण हात राखून न घालता वाढवावे. बाजाराच्या दिवशी सुकट घ्यावी. ती टिकते, थोडीशी पुरते, आणि तिच्यातले लोह शरीराला सहज मिळते. शक्य असेल तेव्हा अंडे खावे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात.

पहाटे तीनला उठून जेवण जात नाही. चहा पिऊनच निघालो तर चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर देण्याआधी ती पहाट डोळ्यांसमोर आणायला हवी. ताडपत्रीची कोपी इतकी ठेंगणी असते की आत वाकूनच जावे लागते. बाहेर थंडीने हात बधिर झालेले असतात. बाजरीचे पीठ गावाकडून दळून आणलेले असले तर आठ-दहा दिवसांत कडवट होते आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. गरम पाण्यात मळले तरी भाकरी कडेने चिरते. अशा वेळी आठ भाकऱ्या थापून, फडक्यात बांधून, लेकराला उचलून बाई गाडीत बसते, तेव्हा तिच्या पोटात अर्धा कप गोड चहा असतो.

रात्रभराच्या उपाशीपणाने यकृतातला साखरेचा साठा बराच संपलेला असतो. चहातल्या साखरेने तासभर बरे वाटते आणि मग हातपाय थरथरू लागतात. म्हणून निघण्यापूर्वी थोडे तरी खावे. भाकरी जात नसेल तर पातळ आणि गरम काही घ्यावे. हुलग्याचे माडगे या वेळेला उत्तम: हुलग्याचे भाजून दळलेले पीठ, पाणी, गूळ किंवा मीठ-जिरे, बस्स. रात्रीची शिळी भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करूनही चालते, आणि काहीच नसेल तर मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा. खरी न्याहारी आठ-नऊच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी करावी. ती बारापर्यंत लांबवू नये, आणि सावलीला बसून करावी.

पिठाबद्दल एक व्यवहाराची सूचना: धान्य न्यावे, पीठ नेऊ नये. कारखान्याच्या गावात गिरणी असतेच, आठवड्यापुरतेच दळावे.

बाया फडात पाणीच पीत नाहीत. त्यांना कितीही सांगितले तरी ऐकत नाहीत. काय करावे?

त्यांना सांगणे आधी थांबवावे. पाणी प्यायल्यावर आडोशाला जावे लागते, आणि तोडणी जसजशी पुढे सरकते तसतसा फड उघडा पडत जातो. आजूबाजूला टोळीतले पुरुष, गाडीवान, शेतमालकाची माणसे असतात. या परिस्थितीत पाणी न पिणे हा त्या बाईने केलेला अगदी हिशोबी निर्णय असतो, फक्त त्याची किंमत तिच्या अंगावर पडते: लघवीचे वारंवार होणारे संसर्ग, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, चक्कर. पाळीच्या दिवसांत तर कापड बदलायलाही जागा नसते.

उपाय स्वस्त आहे. चार बांबू आणि जुनी ताडपत्री यांचा हलवता येणारा आडोसा टोळीसोबत गाडीतच ठेवावा, फडाच्या एका कडेला पहाटेच उभा करावा, आत हात धुण्यापुरते पाणी ठेवावे आणि ती जागा पुरुषांसाठी वर्ज्य आहे हे मुकादमाने सर्वांना बजावावे. पाण्याचे व्याख्यान त्यानंतर द्यावे. बहुधा ते द्यावे लागणारच नाही.

घरातली दुसरी रीतही बदलायला हवी. तोडणी दोघांची, मोळ्या वाहणे बहुतेक तिच्याकडे, स्वयंपाक, धुणे आणि लेकरे पूर्ण तिच्याकडे, आणि जेवायला मात्र ती सर्वांत शेवटी बसते. आमटी तोवर तळाला गेलेली असते. तिचा वाटा आधी काढून ठेवावा. गर्भार बाईला रोज सुमारे ३५० आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. ज्या गावात टोळी उतरली आहे तेथील अंगणवाडीत तिची नोंद करून पूरक आहार घ्यावा. त्यासाठी गावी परतण्याची गरज नसते.

रात्री झोपूनही थकवा जात नाही. हे कशाने होते?

पहिली शंका रक्त कमी असण्याची घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन बाईचे १२ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे मानतात. मोळी घेऊन फळी चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, माती किंवा खडू खावासा वाटणे या त्याच्या खुणा आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळीने शौच काळी होते आणि सुरुवातीला पोट बिघडते, म्हणून अनेक जण आठवड्यात सोडून देतात. तसे न करता ती रात्री जेवणानंतर घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवावी. अनवाणी चालणाऱ्यांना अंकुशकृमी होतात आणि ते आतून रक्त पितात, त्यामुळे जंताची गोळीही विचारून घ्यावी.

आहारात बाईला दिवसाला २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण धान्यातले लोह शरीर थोडेच शोषते. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा कच्चा टोमॅटो खाल्ला तर ते प्रमाण वाढते; जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा प्यायला तर घटते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. गुळातले लोह मात्र आपण समजतो तितके भरवशाचे नाही. गूळ ही मुख्यतः साखरच.

पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर नुसत्या गोळ्यांवर राहू नये, कारण शोधावे. त्याच वेळी, घाईने गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते, हे विसरता येत नाही.

अशक्तपणासाठी सलाईन लावून घेतले तर ताकद येते का?

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ज्याला तोंडाने पिता येत नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा शुद्ध हरपली आहे, त्याच्यासाठी ही बाटली जीवनदायी आहे. चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला त्यातून जे मिळते ते लिंबू सरबताच्या तांब्यातूनही मिळाले असते. उरतो तो तासभर आडवे पडण्याचा आराम, आणि बरे वाटते त्यात त्याचा वाटा मोठा असतो. त्या पैशांत आठवड्याची अंडी येतात.

अंग दुखते म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. चालेल का?

नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि अंगात पाणी कमी असताना तो धोका वाढतो. रिकाम्या पोटी घेतल्यास जठरालाही जखमा होतात. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

तंबाखू, मिश्री, दारू आणि डब्यातली ‘एनर्जी’ पेये यांचे काय?

तंबाखू आणि मिश्री भूक व तहान दोन्ही दाबतात. थकवा तसाच राहतो, फक्त कळत नाही. दारूने लघवीवाटे पाणी जाते आणि झोप तुटक होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे काम आधीच अंगावर आलेले असते. एनर्जी पेयाच्या छोट्या डब्यात भरपूर साखर आणि कडक कॉफीइतके कॅफीन असते. दोन कप चहा पुरेसा आहे.

उपवासाच्या दिवशी काम असेल तर?

निर्जळी उपवास उन्हातल्या कामाच्या दिवशी करू नये. एकादशीला साबुदाण्यात दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे, वरी, राजगिरा, केळी, ताक घ्यावे आणि पाणी नेहमीइतकेच प्यावे. रोजा असणाऱ्यांनी सहरीला पोटभर जेवून पाणी प्यावे आणि जड काम पहाटेच उरकता येईल असे मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे.

फडात पिण्याचे पाणी कसे न्यावे आणि ठेवावे?

कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये. हे सर्वांत आधी सांगायला हवे, कारण तसे डबे वापरात दिसतात. झाकणाचा स्वच्छ कॅन घ्यावा, त्यावर ओले गोणपाट गुंडाळावे आणि तो ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ न ठेवता पाचटाच्या ढिगाआड सावलीला ठेवावा. पूर्वी गाडीवान जाड कापडाची छागल बाळगत. ती अजून कुठे मिळाली तर घ्यावी, वाऱ्याने पाणी छान गार होते. कोमट पाणी माणूस कमी पितो, म्हणून गारव्याला महत्त्व आहे. कॅनॉलचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी उकळून अथवा ग्रामपंचायतीकडून क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या घेऊन शुद्ध करावे. ओगराळे किंवा तोटी वापरावी, हात बुडवू नये.

सारखे पाणी प्यायला आणि विसाव्याला थांबलो तर खेप बुडणार नाही का?

मुकादमांचा हा प्रश्न रास्त आहे, कारण त्यांचा हिशोब टनावर असतो आणि कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या जोडीचा, एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात. याचे उत्तर मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर देशाकडून घेता येईल. तेथे आणि शेजारच्या निकाराग्वात ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणात दिसला. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. उष्णता, अतिश्रम आणि वारंवार पाणी कमी पडणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. मग एका प्रकल्पात तोडणीवाल्यांना पाठीवरची पाण्याची पिशवी, हलवता येणारी सावली, ठरलेल्या वेळी विसावा आणि सुधारित कोयता दिला गेला. माणशी दिवसाची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. कोयताही बदलला होता, त्यामुळे सगळे श्रेय पाण्याला देता येणार नाही. पण थांबल्याने ऊस कमी तुटतो, ही भीती तरी त्यातून टिकत नाही.

आपल्याकडे याचा व्यवहारी अर्थ असा: जड तोडणी पहाटे ते अकरापर्यंत, दुपारी सावलीत विसावा, ऊन कलल्यावर बांधणी आणि भरणी. रात्री गाडी भरायला उठवले असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच जोडी पुन्हा उभी करू नये; तुटलेल्या झोपेची भरपाई कोणत्याही आहाराने होत नाही. हंगाम लांबला की ही घडी अधिकच पाळावी लागते. २०२१-२२ चा गळीत हंगाम जूनपर्यंत रेंगाळला होता आणि तेव्हा तोडणी ऐन उन्हाळ्यात चालू होती. आजारपणातून किंवा गावाकडून परतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नये. उष्णतेची सवय लागायला एक ते दोन आठवडे जातात.

ऊन लागले आहे हे कसे ओळखावे आणि लगेच काय करावे?

भरपूर घाम, मळमळ, चक्कर, गोळे येणे ही पहिली पायरी. सावलीत झोपवावे, पाय उंच करावेत, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात आहे. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत, मानेला व जांघेत ओली फडकी ठेवावीत. फडालगतची मोटर चालू असेल तर सरळ पाइपाखाली धरावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

रेशन गावाकडेच राहते. हंगामात धान्य विकत घ्यावे लागते, मग डाळ-तेलाला पैसे कोठून आणावेत?

शिधापत्रिका आधारशी जोडलेली असेल तर धान्य राज्यातील आणि परराज्यातीलही कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा लावून घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. वृद्ध आईवडील गावी राहिले असतील तर त्यांचे धान्य तेथे आणि उरलेल्यांचे येथे, असे भागही करता येतात. दुकानदार ‘तुमचे नाव आमच्या यादीत नाही’ म्हणाला तर यंत्रावर कार्ड क्रमांक टाकून पाहायला सांगावे. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो धान्याचे पैसे वाचतात, आणि डाळ, तेल, शेंगदाणे त्यातून येऊ शकतात.

हंगाम संपून गावी परतल्यावर काही तपासण्या कराव्यात का?

कराव्यात, आणि लग्नसराईची धावपळ आटोपली की लगेच कराव्यात. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, लघवी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, इतक्या तपासण्या पुरेत. बहुतेक जण पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मिळालेला हिशोब फिटला की दवाखान्याचा विचार पुढच्या वर्षावर टाकतात. रक्त कमी निघाले, तर जूनपासून दसऱ्यापर्यंत चार महिने हाताशी असतात, आणि लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर यायला व साठा भरायला साधारण तेवढेच लागतात. नवी उचल घेण्यापूर्वी तोच कागद पुन्हा तपासून घ्यावा आणि कोयत्याच्या जोडीतील दोघांचाही घ्यावा.